नाव माझं, चेहरा नासीरचा

नासीर, तुला त्या मुंबईच्या माणसाने फसवलं आणि मला तू फसवलंस. हे सगळ्यात आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे काहीही लिहिलं तरी मुद्दा हातून सुटणार नाही.

गेलेल्या माणसाबद्दल लोक चांगलंच बोलतात. तुझ्याबद्दल चांगलं बोलणारे पुष्कळ मिळतील. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत ज्यांच्या टीव्हीखालच्या खणात आपल्या दुकानाची लग्नाची सीडी आहे, ते सगळे बोलतील. मी तुझा भागीदार. माझं तुझ्याशी भांडण चालू होतं आणि तू ते अर्ध्यात टाकून गेलास. सौदा अर्ध्यात सोडून उठणाऱ्याला मी कधी माफ केलेलं नाही, हे तुला चांगलं माहीत होतं.

तुझा चाळीसावा दिवस अजून व्हायचा आहे. मी दुकान उघडतो, तुझ्या खुर्चीवर धूळ बसू देत नाही, गिऱ्हाइकाशी बोलतो. मध्येच रस्त्यावरून जीप गेली की माझं वाक्य तुटतं. मंडपवाले आणि जनरेटरवाले ज्याला पाहून रस्ता बदलतात, तो सुधाकर आता जीपच्या आवाजाला दचकतो. तू असतास तर पोट धरून हसला असतास.

आपली ओळख एका जळक्या वायरवरून झाली होती. मी तेव्हा दुसऱ्याच व्हिडिओवाल्याकडे लाईट धरायचो. नांदगाव पेठजवळच्या एका लग्नात ऐन वरात दारात असताना हॅलोजन गेला. मी जनरेटरवाल्याची कॉलर धरली. तू त्या लग्नात माईक सांभाळायला आला होतास. तू काहीएक न बोलता दाताने वायर सोललीस, पिळ देऊन जोडलीस, उजेड केलास आणि मला म्हणालास, "सोड त्याले. पयले चालू करू, भांडू नंतर."

तुझं सगळं आयुष्य त्या एका वाक्यावर चाललं. पहिले चालू करायचं. आता नंतर आलं आहे नासीर, आणि भांडायला मी एकटा उरलो आहे.

तुला काय येत होतं, ते न पाहिलेल्यांसाठी सांगतो. लग्नाचं शूटिंग घरी पोचलं की आठवड्याभरात कोणीतरी आत्या दुकानाच्या पायऱ्या चढायचीच. "साऱ्या दुनियेले घेतलं, मलेच काहून नाई घेतलं?" तीन तासांच्या कॅसेटमध्ये आत्या असायचीच, पण तिला शोधणार कोण? अशा एका आत्याने तुला दीड तास उभं-आडवं घेतलं आणि तू हट्टाला पेटलास. अकोल्याच्या कॉम्प्युटर क्लासमधून पुस्तकं आणलीस, मिक्सिंगच्या जुन्या कॉम्प्युटरला चिकटून बसलास आणि असा प्रोग्राम लिहिलास, जो सगळं शूटिंग स्वतःच पाहायचा. चेहरा दिसला की त्याच्याभोवती पिवळी चौकट काढायचा. माणूस चालला की चौकट त्याच्यामागे जायची. तोच चेहरा पुढे कुठे दिसला की दोन्ही तुकडे एका जागी ठेवायचा. घोडा, फेटा, हार ह्या वस्तूही तू त्याला शिकवल्यास. मग सीडी बनायची. कॉम्प्युटरवर लावायची, आत्याच्या चेहऱ्यावर माउस दाबायचा, आणि जिथे जिथे आत्या आहे तेवढंच लग्न दिसायचं, खाली तिचं नाव. घोड्यावर दाबलं की वरात.

सुरुवातीला ते फार चुकायचं. मोर्शीच्या एका लग्नात त्याने संत्र्यांच्या टोपलीलाच चौकट लावली आणि नवरदेवाच्या मावशीत जमा केली. आमच्या बौद्धांच्या लग्नात तर सगळे पांढऱ्या कपड्यांत आणि मागचा पडदाही पांढरा. निम्मी माणसं त्याला दिसलीच नाहीत.

"तुमच्या लग्नाले थोडा रंग लावत जा ना, सुधाभाऊ," तू म्हणालास. "माह्या कॉम्प्युटरले काई दिसून नाई राहिलं."

"म्हंजे आता कॉम्प्युटर बी आमाले भाईर ठेवते काय?"

तू इतका हसलास की हातातला चहा कीबोर्डवर सांडला. आठवडाभर 'म' उठत नव्हता. त्या आठवड्यातल्या सगळ्या सीड्यांत मामा नुसते 'ाा' होते.

पण त्याच चौकटीने मला माझी आई दिली, हेही लिहिलं पाहिजे. माझ्याकडे तिचा एकही फोटो नव्हता. आमच्यासारख्यांच्या घरी तेव्हा फोटो काढायला कोण बसलं होतं? तू मला न सांगता जुन्या कॅसेटी त्या प्रोग्राममधून काढल्यास. बहिणीच्या लग्नात माय एकदा स्पष्ट दिसत होती. तेवढ्यावरून त्याने तिला दुसऱ्यांच्या लग्नांत शोधलं, जिथे ती वाढायला आणि भांडी घासायला जायची. पदराने घाम पुसणारी. कोणावर तरी डोळे वटारणारी. एका ठिकाणी नुसतीच उभी, नवरीकडे पाहत. तू सीडी टेबलावर ठेवलीस आणि चहा आणायच्या निमित्ताने बाहेर गेलास. मी तुला त्याबद्दल कधी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी केबलवरून तुझ्यावर ओरडलो, एवढंच.

आता नावांचं. इथूनच सगळा घोळ आहे.

चेहरे गोळा व्हायचे, पण त्यांची नावं कुठून आणायची? नवरीच्या भावाला बसवलं तर तो अर्ध्या माणसांना 'पिवळ्या साडीवाली' आणि 'तिकडचे कोणीतरी' म्हणायचा. तोडगा तूच काढलास: आहेर. आपल्याकडे आहेर माईकवर पुकारतात. माणूस स्टेजवर चढतो, पाकीट देतो, कॅमेऱ्याकडे पाहतो, आणि त्याच वेळी पुकारणारा त्याचं नाव-गाव सगळ्या मंडपाला सांगतो. नाव आणि चेहरा एका जागी. दुकानातला पोरगा नुसता ऐकून टाइप करायचा आणि प्रोग्राम ते नाव समोरच्या चौकटीला बांधून टाकायचा. एका लग्नात बांधलेलं नाव पुढच्या लग्नात आपोआप यायचं. पाहता पाहता निम्मं वऱ्हाड त्या एका डबड्यात नावानिशी बसलं. तू त्याला 'खजिना' म्हणायचास.

पण आपल्या माणसांची एक रीत तू धरली नाहीस. ज्याला यायला जमत नाही, तो पाकीट दुसऱ्याच्या हाती देतो. पुकारा होतो न आलेल्याचा आणि कॅमेऱ्यात दिसतो आणणारा. मोर्शीचे गुलाबकाका अर्धांगाने खाटेवर पडले त्याला कितीतरी वर्षं झाली, तरी त्यांचा आहेर चुकला नाही. शेजारचा तरणा गडी घेऊन यायचा. तुझ्या खजिन्यात तो तरणा गडी म्हणजे गुलाबकाका.

आणि तू म्हणजे मी. ज्याच्या घरचं शूटिंग घेतलं त्याला दुकानाकडून आहेर करायचा, हा नियम मी घातला होता. गिऱ्हाईक टिकतं. पण मी त्या वेळी दुसऱ्या लग्नात असायचो, नाहीतर मंडपामागे कोणाशी तरी भांडत असायचो. तू कॅमेरा पोराच्या हाती देऊन, दाढीवरून हात फिरवून, माझं पाकीट घेऊन स्टेजवर चढायचास. माईकवरून गर्जना व्हायची: स्टुडिओवाले सुधाकरभाऊ, अमरावती. त्यामुळे कोणत्याही सीडीत तुझ्या चेहऱ्यावर दाबलं की खाली माझं नाव.

"हे दुरुस्त कर, नासीर."

"करतो ना. तुह्या नावानं साऱ्या वऱ्हाडात मीच बुंदी खाऊन राहिलो, तुले जळन होते काय?"

मीही हसलो होतो.

मग लग्नंच आटली. कापसाला भाव नाही, पाऊस धड नाही. लोक चार माणसांत उरकू लागले, नाहीतर सामूहिक विवाहात पोरी उभ्या करू लागले. आपल्या कॅमेऱ्यांना काम नव्हतं, पण बाहेरच्या कॅमेऱ्यांना आपल्या मुलखात ऊत आला होता. गाड्या यायच्या, जीव दिलेल्या शेतकऱ्याच्या घरापुढे थांबायच्या, बाईला भिंतीशी बसवायच्या आणि रडायची वाट पाहायच्या. तू एकदा ते पाहून आलास आणि दोन दिवस नीट जेवला नाहीस.

त्याच दिवसांत तो मुंबईचा माणूस आला. त्याचं नाव इथे लिहू नको, असं वकिलाने बजावलं आहे, म्हणून लिहीत नाही. मी अकोल्याला एका मंगल कार्यालयाचा वर्षाचा ठेका ठरवायला गेलो होतो. नेमका तेव्हाच आला. त्याने तुला सांगितलं की वऱ्हाडच्या माणसांवर एक मोठी सीडी होणार आहे, मोठ्या शहरांत प्रदर्शनात लागणार आहे, लोक एकेका चेहऱ्यावर दाबून त्याची गोष्ट पाहणार आहेत. तू त्याला प्रोग्राम दिलास. खजिना दिलास. वर पोहे खाऊ घातलेस.

मी परत आल्यावर काय झालं ते शेजारच्या झेरॉक्सवाल्यालाही पाठ आहे.

"कितीले देला?"

"देला म्हंजे? असाच देला."

"फुकट?"

"सुधाभाऊ, तू आयकून तं घे. ते लोक आपल्या माणसाइले फक्त रडतानी दाखवते. आपल्यापाशी हजार माणसं हासतानी आहेत. कोणीतरी पाहाले पाह्यजे का नाई?"

"अरे, जो मोल देते तो अटीत बांधला जाते. तू त्याले कशात बांधलं?"

"माणसाले बांधून ठेवाचंच काहून?"

तू पैसे घेतले असतेस तर एवढं भांडण झालंच नसतं. चार अटी घातल्या असत्या, शिक्का-सही घेतली असती, कशाला वापरायचं आणि कशाला नाही ते वदवून घेतलं असतं. फुकट घेतलेल्या वस्तूला घेणारा स्वतःची समजतो. हे मी बाजारात उपाशी उभा राहून शिकलो होतो आणि तुला दहा वेळा सांगितलं होतं. तू मला न विचारता आपल्या दोघांचं दिलंस. आपलं तरी कुठे होतं ते? ज्यांचे चेहरे होते त्यांचं दिलंस. मी तुला नको ते बोललो, तू मला 'बनिया' म्हणालास. मग आपण बोलणंच बंद केलं. एका दुकानात, एका टेबलाच्या दोन बाजूंना.

तिवशाची हकीकतही तू मला सांगितली नाहीस, टेबलफॅनला सांगितलीस. मी पाठमोरा बसून ऐकत होतो. तू नागपूरहून येत होतास. तिवशाला कापसाच्या भावासाठी रस्ता अडवलेला होता, बस थांबली. तू उतरून गर्दीत घुसलास, ओळखीचे भेटले, ट्रॉलीवर चढून गप्पा मारत बसलास. तेवढ्यात पुढे कोणीतरी एका सरकारी गाडीच्या काचा फोडल्या. पळापळ झाली आणि तुझी बस मागे वळायला लागली. तू ट्रॉलीवर उभा राहून ड्रायव्हरला हात केलास. "दोन्ही हात वर करून बोंबलून राहिलो, थांब बे, थांब, माही पिशवी आतमंधी हाय. थांबते काय तो?" तू पंख्याला म्हणालास. पोराला हसू फुटलं. मलाही आलं होतं, पण मी वळलो नाही.

त्याच आठवड्यात एका सकाळी तू दुकानात यायला निघालास, चपला घालायला वाकलास आणि उठलाच नाहीस.

तुला माती देऊन आलो त्यानंतर थोड्याच दिवसांनी मला पोलीस ठाण्यात बोलावलं. साहेबांनी खुर्ची दिली. शिव्या दिल्या असत्या तर मला भाव तरी कळला असता. त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. तिवशाची गर्दी होती, वरून कुठूनतरी घेतलेली. आणि गर्दीत पिवळ्या चौकटी होत्या.

नासीर, आपल्या चौकटी. कोपऱ्यावर जाड, मध्ये बारीक, तू काढायचास तशाच. ह्या चौकटीत मी माय पाहिली होती. त्यातल्या एकीत तू होतास, ट्रॉलीवर, दोन्ही हात वर, तोंड उघडं. खाली माझं नाव. माझं गाव.

"हे तुमीच ना?" साहेबांनी विचारलं.

मी पडद्याकडे वाकून पाहिलं.

"दाढी कवा काढली?"

"म्या दाढी कधी ठेवलीच नाई, साहेब."

"मंग हा कोण?"

तुझं नाव जिभेवर होतं. पण मला तुझं घर दिसत होतं. फुटलेली काच, वर गेलेले हात आणि तुमच्यातलं नाव, एवढं मिळालं तर हे लोक त्याचं काय काय करतील, ते दिसत होतं. तुझा भाऊ दिसत होता, तुझी बायको, आमची भाभी, दिसत होती.

"कॉम्प्युटर तुमचं नाव सांगून राहिला. त्याची काय दुश्मनी हाय तुमच्याशी?"

"ही सीडी कोणं बनवली, साहेब?"

"वरून आली. मुंबईच्या कंपनीची हाय. नावानिशी माणसं देते." ते कौतुकाने म्हणाले. त्यांनी माउस फिरवला, गर्दी पुढे सरकली. दगड उचलायला वाकलेल्या एका तरण्या गड्याभोवती चौकट होती. खाली लिहिलं होतं: गुलाबराव, मोर्शी.

तुझ्या-माझ्यापुरतं हे नाही, हे मला तिथे कळलं. ज्याने ज्याने कोणाचं पाकीट मायेने नेऊन दिलं होतं, तो प्रत्येक जण त्या डबड्यात दुसऱ्याच्या नावाने बसला होता. कोणाच्या दारात कधी जीप थांबेल, आणि कोणाच्या चेहऱ्यासाठी, ह्याचा काही नेम उरला नव्हता.

"सोमवारी सांगतो," मी म्हणालो.

"सौदा करून राहिले काय?"

"हो," मी म्हणालो. दुसरं मला काही येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्या घरी गेलो. भाभीला सगळं सांगितलं. गुन्हा मी माझ्याच अंगावर घेतो, वकील आहे, काहीतरी निघेल, असंही म्हणालो. तिने तुझी चष्म्याची डबी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली.

"डर तो मेरे को भी लगता, भाईसाब," ती म्हणाली. "लेकिन जिंदगी भर तुम्हारे नाम के लिफाफे उठाए उन्होंने. अब मरने के बाद भी तुम्हारा ही नाम उठाएंगे क्या?"

तिने डबी माझ्यापुढे ठेवली.

"उनका चेहरा है, उनके नाम से रहने दो. पुलिस आई तो आने दो. मैं बोलूंगी, हाथ बस के लिए किया था. पिशवी अंदर रह गई थी. वो पिशवी डेपो से मैं ही लाई हूँ. उसमें तुम्हारे लिए नागपूर की संत्राबर्फी थी."

तू मला हे पंख्याकडूनसुद्धा कळू दिलं नाहीस, नासीर. बोलत नव्हतास आणि बर्फी आणत होतास.

सोमवारी मी तुझं नाव सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं. पुकारा म्हणजे काय, पाकीट कोण आणतो, नाव कोणाचं घेतात, हे मी तीन वेळा समजावलं. त्यांना ते पटलं असावं, कारण त्यांच्याही मुलीच्या लग्नात असंच झालं होतं, हे त्यांच्याच तोंडून निघून गेलं. मग त्यांनी माझं नाव पुसायला माउस हलवला. पुसलं जाईना.

"वरून बंद हाय," ते म्हणाले. "आता दोन्ही नावं ठेवतो. तुमी जा."

"आन् बाकीचे?"

"बाकीचे आपापलं सांगतीन."

तुझ्या घरी ते एकदा येऊन गेले. तुझा घरातला कॉम्प्युटर नेला नाही, पण भावाला दोनदा बोलावलं. पुन्हा येतील की नाही, कोणालाच ठाऊक नाही. माझ्याकडेही अजून कोणी आलेलं नाही. 'अजून' हा शब्द मी आजवर फक्त भाव वाढवून मागताना वापरला होता.

भाभीच्या संमतीने हे सगळं उघड लिहितो आहे. वाचणाऱ्यांनी कधी कोणाचं पाकीट नेऊन दिलं असेल, किंवा कोणाच्या हाती दिलं असेल, तर आजच घरात सांगून ठेवावं. तुझा खजिना मला बंद करता येत नाही. तू असतास तर तुलाही करता आला नसता, कारण तो आता आपला नाही. तुझ्यावरचा माझा राग तसाच आहे. तू गेलास म्हणून मी त्यात सूट देणार नाही. पण तो राग तुझ्या-माझ्यातला आहे, त्याला घाई नाही.

ज्याने लग्नाच्या मंडपातून आपली माणसं उचलून रस्त्यावरच्या गर्दीत नेऊन उभी केली, त्याच्याशी मात्र मला घाई आहे. तो आपले पोहे खाऊन गेला आहे. हा मजकूर त्याच्यापर्यंत पोचेल, तशी व्यवस्था मी केली आहे. त्याने वकील पाठवू नये, पत्र पाठवू नये. स्वतः मोर्शीला यावं. गुलाबकाकांच्या खाटेशेजारी बसावं, त्यांच्या अंगावरची चादर स्वतःच्या हाताने बाजूला करावी आणि हा माणूस कोणत्या पायांनी तिवशापर्यंत चालत गेला, ते आम्हा सगळ्यांना सांगावं.